थंडीत पीठ सात दिवस चालतं



ज्यांच्या घरी शोधाचा स्वयंपाक होतो त्यांना पिठाची मर्यादा वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आषाढाची अष्टान्हिका आली की तीनवर यायचं, कार्तिकाची झाली की सातवर जायचं, फाल्गुनाची झाली की पाचवर. आपण हे सासूच्या हाताखाली शिकलो. गिरणीवाल्यालाही आता सवय झाली आहे, एवढंसं दळण घेऊन गेलं तरी तो काही विचारत नाही.

ही मर्यादा जीवदयेसाठी आहे. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात, कोरड्या थंडीत उशिरा. पण याच हिशोबाला दुसरी एक बाजू आहे आणि ती आपल्या बोलण्यात कधी येत नाही. हा आपल्या हातांचाही हिशोब आहे. चातुर्मासात निवडणं, चाळणं, ऊन पडेल तेव्हा वाळवणं आणि दळण हे काम दर तिसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. गावात महाराज किंवा माताजी असतील तर चौकाही लावायचा असतो. थंडीत तेच दळण आठवड्यातून एकदा. म्हणजे वर्षातले चार महिने स्वयंपाकघर आपणहून आपला हात थोडा सैल सोडतं.

संध्याकाळचंही तसंच. मार्गशीर्षात आपल्या पाथरीला सूर्य पावणेसहाच्या पुढेमागे मावळतो. रात्रीभोजनाचा त्याग असलेल्या घरात सव्वापाचला ताटं झालेली असतात, सहाला ओटा पुसलेला असतो. शेजारच्या घरांत त्या वेळी भाजी चिरायलाही घेतलेली नसते. सहा ते दहा असे चार तास आपल्याला मिळतात. उन्हाळ्यात सूर्यच सातला मावळतो, तेव्हा एवढे मिळत नाहीत. थंडीतली ही संध्याकाळ नियम पाळणाऱ्या बाईला धर्माने दिलेली आहे असं मी मानते. आणि ती कुठे जाते हे प्रत्येकीने एकदा बघावं असं मला वाटतं.

बघायचं कारण असं की आपल्यातल्या बऱ्याच जणी आता घरात बसून पैसे मिळवणारं काम करतात. कुणी ब्लाउजवर आरीवर्क करते, कुणी केक-चॉकलेटं, कुणी हिंदी प्रवचनांचं मराठी करून देते, कुणी लग्नाचे व्हिडिओ जोडून देते. मी पुस्तकांची मुखपृष्ठं, पत्रिका आणि मुलांच्या पुस्तकांतली चित्रं करते. या सगळ्या कामांत दोन गोष्टी सारख्या आहेत. काम येतं तेव्हा एकदम येतं. आणि घरातल्या कुणालाही ते काम चालू आहे असं दिसत नाही. शिलाई मशीनचा आवाज तरी होतो. लॅपटॉपसमोर बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई. “घरीच तर असते” हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नसेल तर तिने मला जरूर कळवावं, तिच्या घरचं पाणी आम्ही पिऊन बघू.

त्या चार तासांचा पहिला तुकडा जातो तो दुकानातून उशिरा येणाऱ्या पुरुषांपायी. नियम बाईचा, ताट पुरुषाचं. ती साडेपाचला जेवून मोकळी झाली तरी साडेआठला गॅस पुन्हा पेटतो, गरम पोळी होते, मग भांडी, मग ओटा दुसऱ्यांदा. हे घराघरात आहे आणि यावर समाजाच्या कुठल्याही सभेत ठराव होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण एक सांगते. आपल्याकडच्या जुन्या व्यापारी घरांत पाच वाजता दुकानावर डबा जायचा किंवा माणूस आळीपाळीने घरी येऊन जेवून जायचा. ही सोय बाईसाठी केलेली नव्हती, व्रतासाठी होती, पण तिच्यात बाईची संध्याकाळ वाचत होती. घरात रात्रीभोजनत्यागाबद्दल बोलायचं असेल तर पापाच्या गोष्टीबरोबर या वाचलेल्या तीन तासांचीही गोष्ट करावी. माझा अनुभव असा की दुसरी गोष्ट पुरुषांना लवकर पटते. हिशोबाची माणसं आहेत ती.

आता जे लिहिणार आहे ते काहींना रुचणार नाही.

आपला वेळ घरापेक्षाही जास्त समाज घेतो, आणि फुकट घेतो. चातुर्मास कलशस्थापनेची पत्रिका, दशलक्षणाचं वेळापत्रक, विधानाचा बॅनर, पाठशाळेच्या बक्षीस समारंभाचं प्रमाणपत्र, महावीर जयंतीच्या मिरवणुकीचा फलक. फोन येतो तो असा: “ताई, धर्माचं काम आहे, तुम्हाला काय, दहा मिनिटांचं.” दहा मिनिटांच्या कामात बारा दुरुस्त्या निघतात, कारण दानशूरांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची हे शेवटच्या रात्रीपर्यंत ठरलेलं नसतं. पत्रिका छापून होते. छापखान्याला पैसे मिळतात, कागदवाल्याला मिळतात, मांडववाल्याला, बँडवाल्याला, आचाऱ्याला मिळतात. पत्रिका जिने केली तिला श्रीफळ मिळतं आणि “आपलीच मुलगी आहे” असं कौतुक.

कौतुक मला नको असं नाही. प्रश्न वेगळा आहे. आचाऱ्याला पैसे देताना कुणी म्हणत नाही की धर्माचं काम आहे, फुकट कर. त्याला विचारायची लाज वाटते. बाईला विचारायची वाटत नाही, कारण तिच्या वेळाला भाव आहे हेच मनात आलेलं नसतं. न दिलेलं घेऊ नये हे आपलं तिसरं अणुव्रत. ते आपण सोन्याचांदीपुरतं आणि खोट्या वजनमापापुरतं ठेवलं आहे. बाईने “हो” म्हटलं म्हणून तिने दिलं असं धरायचं का, की नकार देता येत नव्हता म्हणून ते घेतलं गेलं, याचा विचार व्हायला हवा.

दानाला माझा अजिबात विरोध नाही. पण दान देणारा आधी ठरवतो आणि मग देतो. बोलीत बोललेली रक्कम आधी बोललेली असते, कुणी खिशात हात घालून काढलेली नसते. तसंच कामाचंही करावं. वर्षातली दोन कामं मंदिराला, माझ्या मनाने, माझ्याकडून. तिसऱ्या कामाला दर. हे मी समितीला लिहून दिलं आहे. जग बुडालं नाही. एका काकांनी दोन महिने नमस्कार घेतला नाही, मग त्यांच्याच नातवाच्या लग्नाची पत्रिका करायची वेळ आली.

या विषयावर मला नेहमी एक बाई आठवतात, लक्ष्मीबाई. त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे. धवला-जयधवलाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतकं मूडबिद्रीला होत्या, जुन्या कन्नड लिपीत, आणि बाहेरच्यांना फक्त दर्शनापुरत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद झवेरी यांनी निधी उभारला आणि त्या ग्रंथांची नागरी नक्कल करण्यासाठी पंडित नेमले. त्यांतले गजपती शास्त्री वर्षानुवर्षं ते काम करत राहिले. दिवसा नेमलेलं काम, आणि घरी, आपल्या विदुषी पत्नीच्या म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मदतीने, त्याच ग्रंथाची दुसरी एक नक्कल, कन्नड लिपीत, कुणाला न सांगता. ही घरातली प्रत पुढे सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या, आणि त्या परंपरेतल्या प्रती हाती धरून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड छापून काढला. आज आपल्या मंदिराच्या कपाटात ते सोळा खंड असतील तर ते त्या घरातून आलेले आहेत.

ती नक्कल लपून करणं योग्य की अयोग्य, यावर मोठ्या पंडितांनी लिहिलं आहे, त्यात मी पडत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. धवला टीका बहात्तर हजार श्लोकांएवढी. एवढं लिखाण घरी होत असताना त्या घरात पाणी कोण भरत होतं, दळण कोण दळत होतं? तेव्हा गिरणी नव्हती, जातं होतं. मर्यादा तीच होती: तीन, पाच, सात. लक्ष्मीबाईंनी लेखणी कधी हातात घेतली असेल? माझा आपला अंदाज, दिवस मावळल्यावर चूल बंद झाली की. दिव्याशी येणाऱ्या जीवांचं काय केलं असेल तेही मनात येतं. त्यांचं नाव प्रस्तावनेतल्या एका ओळीपुरतं राहिलं, पण राहिलं तरी. मोबदल्याचं तर बोलायलाच नको.

त्याउलट दहाव्या शतकातली कर्नाटकची अत्तिमब्बे. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या. दानचिंतामणी म्हणून तिचा गौरव झाला. हजार प्रती म्हणजे कितीतरी लेखकांचे कितीतरी महिने, आणि ते सगळे उपाशीपोटी लिहीत बसले असतील असं मला वाटत नाही. तिने दान केलं ते स्वतःच्या पैशाचं. लिहिणाऱ्याचे कष्ट परस्पर दान करून टाकले नाहीत. मंदिर समित्यांनी शास्त्रदानाचं उदाहरण म्हणून अत्तिमब्बेचं नाव घ्यावं तेव्हा एवढं लक्षात ठेवावं.

आता पैसे देणाऱ्या कामाकडे. इथे माझं म्हणणं घरच्यांना आणि समाजाला नाही, आपल्यालाच आहे. घरून काम करणारी बाई कामाला नाही म्हणायला घाबरते. आज नाही म्हटलं तर उद्या फोन येणार नाही अशी धास्ती असते. दिवाळी अंकांचं काम बघा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत ही घाई सुरू आहे, आणि चित्रं, मुखपृष्ठं, मांडणी यांची धांदल नेमकी भाद्रपदात येते. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी आपलं दशलक्षण. उपास, पूजा, तत्त्वार्थसूत्राचं वाचन, आणि तिकडे संपादकांचा “आज रात्रीपर्यंत द्याल ना?” असा मेसेज. तसंच तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिकांचं. त्या तर एका रात्रीत हव्या असतात, जणू मुलीचं लग्न काल संध्याकाळी अचानक ठरलं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाची व्रतं आहेत. परिग्रहाचं परिमाण त्यात आलं. आपण परिमाण करतो ते साड्यांचं, सोन्याचं, जमिनीचं. कामाचं कुणी करत नाही. हातात एका वेळी तीनच कामं असतील, चौथं आलं तर त्याला पुढची तारीख, असं परिमाण केलं तर ते व्रतात बसत नाही का? मला तर ते साड्यांपेक्षा अवघड वाटतं. साडी नाकारताना फक्त मन मारावं लागतं. काम नाकारताना पोटात गोळा येतो. पण दशलक्षणाचे दहा दिवस काम बंद, हे मी ज्येष्ठातच सगळ्यांना कळवून टाकते, आणि सांगते की यात फरक पडणार नाही. बहुतेक जण मानतात. जे मानत नाहीत ते एरवीही पैसे उशिराच देतात, हे माझ्या वहीतलं निरीक्षण आहे.

उरला प्रश्न सुखाचा. थंडी, गोधडी, तिळगूळ. आपल्याकडे या गोष्टीला लगेच ‘प्रमाद’ म्हणून नाव ठेवणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचा मला धाक वाटतो. बाई दुपारी गोधडीत पाय घालून पुस्तक वाचत बसली की प्रमाद. पुरुष हिवाळ्यात सकाळी ओट्यावर तासभर उन्हाला बसतो, त्याला काय म्हणतात हे मी अजून ऐकलेलं नाही.

शास्त्र आपल्या या बायकांपेक्षा मऊ आहे. भोगोपभोग-परिमाण म्हणजे परिमाण. एकदा वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग. डिंकाचा लाडू भोग झाला, गोधडी उपभोग. दोन्हींना मोजून जागा ठेवली आहे. रत्नकरंड श्रावकाचारात तर यम आणि नियम असा भेद आहे: जन्मभराचा तो यम, ठरावीक काळाचा तो नियम. गृहस्थाने ऋतूपुरता नियम घ्यावा, ऋतू संपला की नवा घ्यावा, ही सोय आचार्यांनी करून ठेवली आहे. ती आपण उपासापुरती वापरतो. सुखालाही वापरता येते: या थंडीत रोज एवढा वेळ, एवढं सुख, याहून जास्त नाही. आणि कमीही नाही.

शिवाय आपलं हिवाळ्याचं सुख मुळातच बेताचं असतं. रात्रीची शेकोटी आपण पेटवत नाही, जीव येऊन पडतात. गाजराचा हलवा होत नाही, दुधीचा होतो. चहात ओलं आलं नाही, सुंठ. मधाचा तर प्रश्नच नाही. भोगीच्या भाजीत गाजर-वांगं टाळून ओला हरभरा, वाल, घेवडा, वाटाणा, वर तिळाचं कूट, आणि बाजरीची भाकरी. खाल्लेल्यांना विचारा काही कमी वाटतं का. हुरडा मात्र आपल्या परभणीकडचा. ज्वारीचा प्रदेश आपला, ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारीची जात इथल्याच कृषी विद्यापीठाची. कणसं दिवसाउजेडी नीट बघून, झाडून, आगटीत भाजायची आणि ऊन आहे तोवर खायची. काही घरांत हुरडाही वर्ज्य आहे, त्यांनी लाह्यांवर भागवावं, माझं भांडण नाही.

आणि गोधडी. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या आज्या आजच्या भाषेत ‘पर्सनल प्रोजेक्ट’ करत होत्या. रेशीम नको, लोकर नको, धुवून मऊ झालेलं सुती कापड. ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसे मिळणार नव्हते, आणि कडेला कुठला तुकडा लावायचा हे फक्त तिचं तिने ठरवलेलं असायचं. घरातली एवढी एकच गोष्ट तिच्या मनासारखी झालेली असेल कदाचित. थंडीत आपण तिच्याच मनाखाली झोपतो.

मला भीती आहे ती या कामाची. समाजाचं काम जबरदस्तीने होतं, पैशाचं काम गरजेने होतं, लाडू सणामुळे होतात. कुणी न सांगितलेलं, स्वतःचं काम तेवढं मागे पडतं, आणि पडलं तर घरात कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून वेळ कमी पडला की आपण पहिल्यांदा तेच काढून टाकतो. मी म्हणते पहिल्यांदा चौथं पैशाचं काम काढावं, मग समितीचं तिसरं, मग लाडवांचा तिसरा प्रकार. स्वतःचं काम शेवटी.

त्याला वेळ किती द्यायचा याचं मापही आपल्याकडे तयार आहे. सामायिकाच्या दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या वेळात घरातलं कुणी हाक मारत नाही, दार वाजलं तर दुसरं कुणी उघडतं, “आई सामायिकात आहे” हे लहान मुलालाही कळतं. म्हणजे बाईला अठ्ठेचाळीस मिनिटं न बोलावता घर चालतं, हे सिद्धच झालेलं आहे. मी सामायिकाची जागा चित्राला देत नाही, तेवढा उद्धटपणा माझ्यात नाही. सामायिक झालं की आसन गुंडाळायचं आणि आणखी दोन घटका वहीला. घराला तेवढ्यात फरक कळत नाही.

कार्तिकाच्या अष्टान्हिकेपासून फाल्गुनाच्या अष्टान्हिकेपर्यंत माझा हाच नियम आहे. वहीत नेमगिरीच्या गुंफा काढते आहे. जिंतूरजवळ असूनही आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या एकदाच, शाळेच्या सहलीत, घाईत बघितल्या आहेत. ठेंगणी दारं, वाकून आत गेल्यावर एकदम समोर येणारी भव्य मूर्ती, थंडीतही आत ऊबदार असणारी हवा. अकरा पानं झाली. लहानशा दगडावर तोललेले पार्श्वनाथ राहिलेत. तिथला अंधार फोटोवरून काढता येत नाही, समोर बसूनच काढावा लागेल. संक्रांतीच्या आत एक दिवस सेलूवरून जिंतूरला जायचं ठरवते आहे. सकाळी लवकर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून परत. सेलूकडच्या कुणाला यायचं असेल तर सांगा. भाकऱ्या मी आणते, तिळाची चटणी तुम्ही आणा.